अभिजात कथेची चित्रकादंबरी वर्गात शिकवताना: उतारा आधी, चित्र नंतर

वर्गात चित्रकादंबरी (ग्राफिक नॉव्हेल) आली की बहुतेक वेळा असं होतं: पुस्तकं वाटली जातात, मुलं वीस मिनिटांत चित्रं चाळून शेवटचं पान गाठतात, मग नायक कोण, तो कुठे गेला, शेवटी काय झालं असे पाच प्रश्न होतात आणि घंटा वाजते. मूळ कथा ग्रंथालयाच्या कपाटातून बाहेरच येत नाही. पुढच्या वर्षी बाई किंवा सर म्हणतात, मुलांना मजा आली पण हाती काही लागलं नाही. दोष पुस्तकाचा नसतो, क्रमाचा असतो.

क्रम असा ठेवा: आधी मूळ उतारा, मग त्यावर मुलांनी केलेला चौकटींचा आराखडा, त्यानंतर चित्रकाराचं पान, आणि शेवटी पुन्हा तोच उतारा. चित्रकादंबरी हे एका माणसाने केलेलं मूळ कथेचं वाचन आहे. त्याने काय गाळलं, काय वाढवलं, कुठे थांबला, हे मुलांना मूळ उतारा हातात असल्याशिवाय दिसणारच नाही.

खालची आखणी आठवी-नववीसाठी आहे. पट ५० ते ६०, तासिका ३५ मिनिटांची, एका बाकावर तीन मुलं, आणि वीज कधीही जाईल हे गृहीत धरलं आहे. एकूण सात तासिका लागतात. उदाहरणासाठी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जगाला फेरी घालण्याची कादंबरी (१८७२-७३) घेतली आहे. तिची चित्ररूपांतरं अनेक आहेत. शिवाय तिच्या अकराव्या प्रकरणात नायक फिलियस फॉगची आगगाडी नाशिक ओलांडून खानदेशातून बऱ्हाणपूरला जाते, म्हणजे खानदेशातल्या आपल्या मुलांना त्या मजकुराची उलटतपासणी घेता येते.

टप्पा १: रूपांतर निवडा (दोन आठवडे आधी)

मुखपृष्ठ बघून पुस्तक मागवू नका. सुरुवातीचं, मधलं आणि कळसाच्या प्रसंगाचं अशी तीन पानं उघडून तीन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, पानावर निवेदनाच्या पट्ट्या किती आहेत. अर्ध्याहून जास्त जागा पट्ट्यांनी खाल्ली असेल तर ती चित्रकादंबरी नाही, सचित्र सारांश आहे. चित्र काढून टाकलं तरी गोष्ट तशीच कळते, त्यामुळे तुलनेला काही उरत नाही.

दुसरी गोष्ट, माणसं कशी काढली आहेत. युरोपीय कथांच्या जुन्या रूपांतरांत भारतीय, आफ्रिकी माणसं एकसारखी, भेदरलेली किंवा रानटी दिसतात. व्हर्नच्या याच कथेत सतीचा प्रसंग आहे. ती पानं तुम्ही आधी घरी वाचलेली हवीत. ती वापरायची की नाही हे वर्गात पान उघडल्यावर ठरवू नका.

तिसरी गोष्ट भाषेची. रूपांतर इंग्रजी असेल तर ते इंग्रजीच्या तासाला घ्या, किंवा मराठीच्या तासाला फुग्यांतला मजकूर झाकून घ्या. इंग्रजी फुगे आणि मराठी तास असा मेळ घातला की सगळा वेळ शब्दार्थ सांगण्यात जातो.

सावधान: मूळ कथा हक्कमुक्त (कॉपीराइट संपलेली) असली तरी तिचं चित्ररूपांतर हक्कमुक्त असेलच असं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात. व्हर्न १९०५ मध्ये गेला, तेव्हा मूळ कादंबरी मोकळी आहे, आणि जॉर्ज टाउलचं १८७३ चं इंग्रजी भाषांतरही. अलीकडचं मराठी भाषांतर किंवा चित्रकादंबरी मात्र त्या-त्या माणसांची. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रत काढायला प्रताधिकार कायद्याच्या ५२व्या कलमात मुभा आहे. तीच पानं स्कॅन करून शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर किंवा गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणं म्हणजे वर्गातलं शिकवणं नव्हे.

टप्पा २: उतारा आणि पान जुळवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हा टप्पा टाळला जातो आणि मग पुढचं सगळं कोसळतं.

पूर्ण कादंबरी घेऊ नका. दोन उतारे निवडा, प्रत्येकी २०० ते ३०० शब्दांचे. एक तुलनेसाठी, ज्याचं चित्रपान तुमच्या हातातल्या पुस्तकात नक्की आहे. दुसरा मुलांच्या स्वतःच्या पानासाठी, जो चित्रकाराने गाळला आहे किंवा एकाच चौकटीत उरकला आहे.

व्हर्नमध्ये तुलनेसाठी हत्तीच्या खरेदीचा प्रसंग उत्तम. रेल्वेमार्ग मध्येच संपतो आणि फॉग हत्ती भाड्याने मागतो: तासाला १० पौंड, मग २०, मग ४०. मालक नाहीच म्हणतो. फॉग विकतच मागतो: १,०००, १,२००, १,५००, १,८००, शेवटी २,००० पौंड. प्रत्येक वाढीला त्याचा नोकर पासपार्तू दचकून उडतो, नंतर पांढराफटक पडतो. फॉगचा चेहरा हलत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा सौदा बघितलेल्या मुलाला यातली गंमत वेगळी सांगावी लागत नाही. चित्रकारापुढे मात्र खरा पेच आहे: आठ आकड्यांना आठ चौकटी द्यायच्या, की एकाच चौकटीत सगळे फुगे कोंबायचे?

स्वतःच्या पानासाठी खानदेशचा परिच्छेद घ्या. तुमच्या रूपांतरात तो आहे का ते तपासा. मुंबईहून उडी थेट हत्तीवर असेल तर तुमचं काम सोपं झालं.

दोन्ही उताऱ्यांचं साध्या मराठीत स्वतः भाषांतर करा. वाक्यं छोटी करा, पण तपशील एकही काढू नका. आपणच तपशील गाळले तर चित्रकाराने काय गाळलं ते मुलांना सापडणार कसं?

मग वहीत दोन रकाने आखा: डावीकडे उताऱ्यातलं वाक्य, उजवीकडे त्याचा पान आणि चौकट क्रमांक. जुळत नसेल तिथे रेघ मारा.

तपासा: उजव्या रकान्यात किमान तीन रेघा आल्या का? आणि चित्रात असं काही आहे का, जे उताऱ्यात नाही? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आलं तर दुसरं पान निवडा.

टप्पा ३: प्रती

दोन बाकांना, म्हणजे सहा मुलांना, एक मोठी प्रत. ६० मुलांना १० प्रती पुरतात. पान ए-फोर आकाराचं असेल तर १४१ टक्क्यांवर मोठं केलं की ए-थ्रीवर नेमकं बसतं.

रंगीत पान काळ्या-पांढऱ्यात काढलं की रात्रीचे प्रसंग काळ्या डागासारखे येतात. झेरॉक्सवाल्याला आधी एकच प्रत काढायला सांगा, फोटोची सेटिंग आणि फिकट छटा ठेवून. ती बघूनच बाकीच्या काढा. कडेची चौकट कापली गेली का तेही बघा, पुस्तकाच्या शिवणीजवळ हमखास कापली जाते. प्रत्येक चौकटीवर पेनाने क्रमांक घाला. पुढची सगळी चर्चा या क्रमांकांवर चालते.

टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर कागदाच्या सोबतीला वापरा, कागदाऐवजी नको. पडदा आडवा, पान उभं. संपूर्ण पान दाखवलं तर मागच्या बाकाला फुगा वाचता येत नाही, आणि मोठं केलं तर पानाची मांडणी हरवते. आधी पूर्ण पान अर्धा मिनिट, मग मोठं करून एकेक ओळ. शेवटच्या बाकावर स्वतः बसून वाचून बघा.

टप्पा ४: पान वाचायला शिकवा (तासिका १)

मुलांना कॉमिक वाचता येतंच, असं आपण धरून चालतो. येतं ते चाळायला.

फळ्यावर पाच शब्द लिहा: चौकट, फट (दोन चौकटींमधली मोकळी जागा), बोलण्याचा फुगा, विचाराचा फुगा, निवेदनाची पट्टी. दुसऱ्या कुठल्याही प्रसंगाचं एक पान फुगे झाकून द्या. फुग्यांवर कागदाचे तुकडे चिकटवून झेरॉक्स काढली की झालं. क्रम सांगा: डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आणि एका चौकटीत जो फुगा वर आणि डावीकडे तो आधी. जपानी पद्धतीचं पुस्तक असेल तर दिशा उलटी असते, हे पहिल्याच मिनिटाला सांगा.

मग फक्त फटींवर प्रश्न विचारा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीमध्ये किती वेळ गेला? क्षण, तास, की दिवस? त्या वेळात जे घडलं पण काढलं नाही, ते एका वाक्यात सांग. चित्रकथेतलं निम्मं वाचन या फटीत होतं, आणि नेमकं तेच वर्गात कधी विचारलं जात नाही.

सावधान: फुगे मोठ्याने वाचून घेऊ नका. एक मुलगा वाचतो, बाकीचे ऐकतात, चित्राकडे कोणी बघत नाही. संवाद म्हणून वाचायचेच असतील तर ते तुलनेच्या तासानंतर.

टप्पा ५: उतारा आणि आराखडा (तासिका २)

हत्तीचा उतारा तुम्ही एकदा वाचून दाखवा, मग मुलं मनात वाचतील. दहा मिनिटं. चित्रपान अजून टेबलाच्या खणात.

आता प्रत्येक गटाला काम: हा प्रसंग सहा चौकटींत बसवा, फक्त शब्दांत. प्रत्येक चौकटीसाठी तीन ओळी: कोण दिसतं, काय बोललं जातं, जवळून की लांबून. चित्र काढायचं नाही. पेन्सिल दिली की चांगला हात असलेलं एक मूल हत्ती काढत बसतं आणि बाकी पाच त्याच्याकडे बघत बसतात.

सहा चौकटी हे बंधन सैल करू नका. आकडे आठ आणि चौकटी सहा, त्यामुळे गाळावं लागतं. गाळायचं म्हटलं की काय महत्त्वाचं यावर भांडण होतं, आणि तेच हवं आहे.

तपासा: पासपार्तूचं उडणं किती गटांनी ठेवलं? फक्त आकडे आणि हत्तीच ठेवले असतील तर मुलांनी व्यवहार वाचला, विनोद नाही. लगेच दुरुस्त करू नका, उद्या चित्रकाराचं पान ते काम करेल. त्यानेही गाळलं असेल तर आणखी बरं.

टप्पा ६: तुलना (तासिका ३ आणि ४)

चित्रपान वाटा. पहिली पाच मिनिटं काही विचारू नका, बघू द्या. मग वहीत तीन रकाने: तसंच ठेवलं, गाळलं, नवीन घातलं. प्रत्येक नोंदीपुढे चौकट क्रमांक आणि उताऱ्यातले दोन-तीन शब्द. क्रमांकाशिवाय नोंद ग्राह्य नाही, हा नियम पहिल्या नोंदीपासून पाळा.

पहिला रकाना पटापट भरतो, दुसरा सावकाश. तिसरा रकाना बहुतेक गट कोरा ठेवतात, कारण चित्रात जे आहे ते मूळ कथेत असणारच असं मुलांना वाटतं. तिथे मदत करा, पण उत्तर देऊ नका. मालकाचे कपडे उताऱ्यात सांगितलेत का? आकाशाचा रंग? हत्तीभोवती जमलेली माणसं? एक नोंद सापडली की पाच सापडतात.

चौथ्या तासिकेत उतारा पुन्हा उघडा आणि प्रत्येक गटाने गाळलेल्यातली एक गोष्ट निवडावी: ती गाळल्याने काय बदललं? इथे ‘चित्रकाराने चुकीचं केलं’ हे उत्तर सोपं आणि निरुपयोगी असतं. पुढचा प्रश्न लगेच विचारा: त्याच्या जागी तू असतास तर ती गोष्ट ठेवायला कोणती चौकट काढली असतीस? जागेची किंमत कळली की उत्तरं बदलतात. कोणी म्हणेल, पासपार्तू प्रत्येक वेळी उडताना दाखवायची गरज नाही, फॉगचा न हलणारा चेहरा तीनदा दाखवला की पुरे. असं उत्तर आलं की ते फळ्यावर लिहा.

चित्रपान मूळ कथेपेक्षा सरस ठरणंही शक्य आहे. एखाद्या गटाने तसं म्हटलं तर पुरावा मागा आणि मान्य करा. अभिजात म्हटलं की हात जोडायची सवय इथे आड येते.

टप्पा ७: मुलांचं स्वतःचं पान (तासिका ५ आणि ६)

आता खानदेशचा परिच्छेद. त्यात व्हर्न लिहितो की हा सपाट, सुपीक मुलुख लहान-लहान नद्यांनी भिजतो आणि त्यातल्या बहुतेक गोदावरीला मिळतात. इंजिनाचा धूर कापूस, कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीच्या मळ्यांवर पसरतो. पुढे जंगल लागतं, गाडीच्या आवाजाने साप-वाघ पळतात, हत्ती विचारमग्न डोळ्यांनी गाडीकडे बघतात. पासपार्तू जागा होऊन खिडकीतून हे बघतो आणि आपण भारतात आगगाडीने चाललोय हे त्याला खरंच वाटत नाही. मालेगावनंतर बऱ्हाणपूर येतं, दुपारी साडेबारा वाजता, तिथे तो खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो.

पाचव्या तासिकेची पहिली पंधरा मिनिटं यातल्या चुका शोधायला द्या. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर तापीला मिळतात, गोदावरीला नाही. कापूस बरोबर, बाकी मळे केरळातून उचलून आणल्यासारखे. गाडीचा मार्ग मालेगावातून जातच नाही. गंमत म्हणजे थोडं पुढे व्हर्न तापीचं नाव घेतो आणि ती सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते हेही बरोबर लिहितो. नकाशा भिंतीवर लावून ठेवा.

मग प्रत्येक गटाने ठरवायचं: लेखकाने लिहिलं तसं काढायचं, की प्रत्यक्षात आहे तसं? दोन्ही चालेल, मिसळ चालणार नाही. जे ठरेल त्याचं कारण पानाच्या मागे दोन वाक्यांत. आणखी एक अट घाला: हा मुलुख पासपार्तूच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. फॉगला तर बाहेरच्या मुलखात रसच नाही. हे लक्षात न आल्यास मुलं सहा चौकटींत सहा निसर्गचित्रं काढतात, आणि माणूस कुठेच नसतो.

काढण्याचा क्रम:

१. ए-फोर कागद उभा मधोमध दुमडा, मग आडवे तीन भाग. सहा चौकटी तयार. घड्यांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर सोडून रेघा मारा, फट आपोआप मिळते.

२. आधी अक्षरं. पेन्सिलीने ८ मिलिमीटर अंतरावर ओळी आखून संवाद लिहा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांची जागा लागते. ओळी चिकटल्या की ‘कु’चा उकार खालच्या ‘की’च्या वेलांटीत अडकतो.

३. अक्षरांभोवती फुगा. आधी फुगा आणि मग अक्षरं असं केलं की शेवटचे शब्द मुंगीएवढे होतात, आणि ही चूक जवळपास प्रत्येक पानावर होते. एका फुग्यात १२ शब्दांपेक्षा जास्त नकोत.

४. मग माणसं. आधी बोलणारा डावीकडे.

५. मागचं दृश्य सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

संवादांची भाषा गटाला ठरवू द्या. बऱ्हाणपूरच्या बाजारात पासपार्तू सपातांचा भाव विचारतो तेव्हा दुकानदार अहिराणीत बोलला तर काय बिघडलं? ‘तू कथा जाई ऱ्हायना?’ हे वाक्य फुग्यात आलं की वर्ग जागा होतो. रावेर-यावलकडची मुलं लेवा गणबोलीत लिहितील, धडगाव-अक्कलकुव्याकडची पावरी किंवा भिलीत. खाली प्रमाण मराठीतली ओळ घ्या, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

सावधान: फक्त विनोदी किंवा अडाणी पात्राच्याच तोंडी बोली आली तर थांबवा. घरची भाषा हसण्यापुरती, असा धडा नकळत दिला जातो. सगळ्यात शहाण्या पात्राला बोली द्या, किंवा निवेदनाची पट्टीच अहिराणीत लिहायला सांगा.

टप्पा ८: तपासणी (तासिका ७)

गुण आधी सांगा, पानं काढून झाल्यावर नाही. २० गुणांची विभागणी अशी:

उताऱ्याचा आधार, म्हणजे कोणती चौकट कोणत्या वाक्यावरून: ८
काय ठेवलं, काय गाळलं याचं कारण: ६
वाचनक्रम, फुगे कोणत्याही शंकेशिवाय लागोपाठ वाचता येणं: ३
लेखन आणि भाषा: ३

चित्राच्या सुबकतेला शून्य. हे मुलांना खरं वाटत नाही, म्हणून काड्यांच्या माणसांचं एक नमुना पान पहिल्या दिवशीच भिंतीवर लावा.

वाचनक्रम तपासायला पानं गटागटांत अदलाबदल करा. दुसऱ्या गटाने फुगे ज्या क्रमाने वाचले त्या क्रमाने पेन्सिलीने आकडे घालावेत. काढणाऱ्या गटाच्या क्रमाशी जुळले नाहीत तर चूक चित्रात आहे, वाचणाऱ्यात नाही.

शेवटची १५ मिनिटं एकट्याने लिहायची: हत्तीच्या प्रसंगातून चित्रकाराने गाळलेली एक गोष्ट आणि त्याने नव्याने घातलेली एक गोष्ट, चौकट क्रमांक आणि उताऱ्यातले शब्द देऊन, आठ ओळींत. उतारा आणि चित्रपान दोन्ही समोर ठेवू द्या, पाठांतराची परीक्षा नाही ही. उत्तरात गोष्टीचा सारांश आला आणि क्रमांक एकही नसला, तर त्या मुलाचं तिसऱ्या तासिकेचं काम राहून गेलं आहे. अशी उत्तरं वर्गात दहा-बाराच्या पुढे गेली तर नवीन पुस्तकाकडे जाऊ नका. त्याच पुस्तकातलं दुसरं पान घेऊन फक्त टप्पा ६ पुन्हा करा, तीन रकान्यांसकट. बाकीचे टप्पे परत करायची गरज नाही.